सुरू झाला म्हणजे दुरुस्त झाला?

यंत्र पूर्णपणे बंद पडले तर एका परीने बरे असते. दोष कुठेतरी पक्का बसलेला असतो आणि शोधला की सापडतो. खरी परीक्षा पाहते ते कधी चालणारे आणि कधी न चालणारे यंत्र. गेल्या हिवाळ्यात आमच्या पुण्याच्या घरातील संगणकाने आमची अशी परीक्षा पाहिली. तिच्यात आम्ही आधी सपशेल नापास झालो. पुढे जे शिकलो ते शाळेच्या संगणक कक्षात आणि विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून ती हकिकत येथे देत आहोत.

संगणक टेबलावर ठेवायचा, साधा, नऊ वर्षे वापरलेला. सकाळी बटण दाबले की आतला पंखा फिरू लागे, हिरवा दिवा लागे, पण पडदा काळाच राही. पुन्हा बंद करून दाबले तरी तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मात्र काहीच झाले नसल्यासारखा तो सुरू होई आणि मग दिवसभर बिनतक्रार चाले. आमची मुलगी तेव्हा बारावीला होती. पहाटेचा एक तास ती संगणकावर अभ्यास करी, आणि तिच्या प्रकल्पाचे सारे काम त्यातच होते. आम्ही तिलाच बोललो : ‘‘रात्री तू नीट बंद करत नाहीस, म्हणून हे होतं.’’ ती गप्प राहिली.

मग आम्ही संगणक रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुपारचे तीन वाजले होते. तिथे तो पहिल्याच दाबाला सुरू झाला! दुकानदाराने तरीही रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी टोके खोडरबराने पुसली, पुन्हा बसवली आणि तीन वेळा संगणक सुरू करून दाखवला. ‘‘झालं काम, साहेब.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा पुन्हा काळा. पुढच्या खेपेस निदान बदलले : मदरबोर्ड गेला आहे, या जुन्या बनावटीचा आता मिळत नाही, तेव्हा नवा संगणकच घ्या.

प्रयोगशाळेत एखादे उपकरण अस्थिर वाचने देऊ लागले तर आम्ही असे वागलो असतो का? मुळीच नाही. घरी मात्र आम्ही पुराव्याशिवाय एकाला दोष दिला, एक उपाय यशस्वी झाला असे घाईने मानले, आणि महागडा निर्णय घ्यायच्या बेतात आलो. त्या दिवशी आम्ही पुन्हा पहिल्यापासून विचार करायचे ठरवले.

बटण दाबल्यावर काय घडते?

संगणक सुरू होणे ही एक घटना नाही, ती एका साखळीतील पाच कड्यांची मालिका आहे.

पहिली कडी विजेची. भिंतीतील २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह संगणकाच्या मागच्या बाजूच्या धातूच्या डबीत जातो. या डबीला एसएमपीएस म्हणतात. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत ही डबी मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह सतत पुरवत असते. संगणक ‘बंद’ असतो तेव्हाही तो असा अर्धवट जागाच असतो.

दुसरी कडी बटणाची. आपण बटण दाबतो तेव्हा मोठा प्रवाह आपण स्वतः जोडत नाही. मदरबोर्डला फक्त इशारा मिळतो. तो एसएमपीएसला सांगतो, ‘आता पूर्ण काम सुरू कर.’ मग डबी १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे दिष्ट प्रवाह देऊ लागते. पंखा फिरतो तो इथे.

तिसरी कडी फारशी कोणाला ठाऊक नसते, पण आपल्या गोष्टीत तीच महत्त्वाची आहे. ही विभवांतरे आपापल्या जागी स्थिर झाली की नाही हे एसएमपीएस स्वतः तपासते. साधारणपणे ५ टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट. सर्व काही ठीक असेल तर ०.१ ते ०.५ सेकंदांत ती ‘वीज ठीक आहे’ असा एक संकेत पाठवते. तो संकेत येईपर्यंत प्रोसेसरला मुद्दाम थोपवून धरलेले असते.

चौथ्या कडीत प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरील एका चिपमधल्या सूचना वाचून रॅम, पडदा, कळफलक यांची हजेरी घेतो. पाचव्या कडीत तो डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली उचलतो.

साखळी ठाऊक असली की नुसत्या लक्षणांवरून बरेच कळते. पंखाही हलत नसेल तर पहिली किंवा दुसरी कडी पाहावी. पडद्यावर अक्षरे उमटून मग गाडी अडत असेल तर दोष बहुधा पाचवीत, म्हणजे डिस्क किंवा कार्यप्रणालीत. आमच्या घरी पंखा फिरत होता पण पडद्यावर काहीच येत नव्हते. म्हणजे बटण निर्दोष होते आणि संशय तिसऱ्या-चौथ्या कडीवर होता. स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता एवढे हाती आले.

आधी वही, मग स्क्रू-ड्रायव्हर

आम्ही संगणकाशेजारी एक शंभर पानी वही ठेवली. रकाने आखले : तारीख, वेळ, खोलीचे तापमान, आदल्या वेळी संगणक नीट बंद केला होता की एकदम, आणि पहिल्या दाबाला सुरू झाला की नाही. नोंदी मुलीने ठेवायच्या. बारा दिवस कशालाही हात लावायचा नाही.

बारा दिवसांचा हिशोब असा निघाला :

सकाळी पहिल्यांदा सुरू करताना : १२ वेळा, त्यांपैकी ८ वेळा अपयश.
त्यानंतर दिवसभरात : १८ वेळा, त्यांपैकी अपयश एकदाही नाही.
आदल्या रात्री नीट बंद केला असता : ९ सकाळी, ६ वेळा अपयश.
आदल्या रात्री एकदम बंद झाला असता : ३ सकाळी, २ वेळा अपयश.

शेवटच्या दोन ओळी पाहा. नवापैकी सहा आणि तीनपैकी दोन, दोन्ही अपूर्णांक सारखेच. आकडे थोडे आहेत हे खरे, पण आम्ही मुलीवर ठेवलेल्या आरोपाला या वहीत कुठेही आधार नव्हता. आम्ही तिची माफी मागितली. चुकीच्या निदानाने पैसे वाया जातात तसा माणसांवर अन्यायही होतो. शाळेत संगणक बिघडला की ‘कोणत्या मुलाने काय केलं?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

पहिल्या दोन ओळींनी दुकानातले कोडेही सुटले. दुपारी हा दोष येतच नव्हता. मग दुपारी तीन वाजता रबराने पुसले काय किंवा उदबत्ती ओवाळली काय, संगणक सुरूच होणार!

किती वेळा सुरू झाला म्हणजे खात्री?

इथे थोडे गणित करू. समजा, एखादा दोष सरासरी तिनातून एकदा येतो. म्हणजे काहीही दुरुस्ती न करता संगणक सुरू होण्याची संभाव्यता २/३ आहे. लागोपाठ तीन वेळा सुरू होण्याची संभाव्यता २/३ × २/३ × २/३ म्हणजे ८/२७, सुमारे ३० टक्के. ‘तीन वेळा करून पाहिलं’ हा पुरावा इतका कच्चा आहे. लागोपाठ आठ वेळा सुरू होण्याची संभाव्यता मात्र ४ टक्क्यांच्या खाली येते. दोष दहातून एकदाच येत असेल तर ५ टक्क्यांच्या खाली येण्यासाठी सलग २९ यशस्वी प्रयत्न पाहावे लागतात.

आता आमच्या सकाळचा विचार करा. तेव्हा दोष तिनातून दोनदा येत होता, म्हणजे आपोआप यश मिळण्याची संभाव्यता १/३. लागोपाठ तीन सकाळी सुरू होण्याची संभाव्यता १/२७, म्हणजे ४ टक्क्यांहून कमी. ज्या परिस्थितीत दोष जास्तीत जास्त वेळा येतो ती शोधली की उपायाची परीक्षा लवकर होते. आपण नेमके उलट करतो. यंत्र ‘चांगल्या मूडमध्ये’ असताना तपासतो आणि समाधान मानतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखादा उपाय निरुपयोगी आहे हे ठरवायला एक अपयश पुरते. तो उपयोगी आहे हे ठरवायला मात्र अनेक यशे लागतात. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने वैज्ञानिक सिद्धान्तांविषयी जे सांगितले, ते घरच्या दुरुस्तीलाही लागू पडते.

एका वेळी एकच बदल

आता संशयितांची यादी केली आणि एकेकाला तपासले. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल सकाळीच पाहायचा.

मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल : हा ३ व्होल्टचा असतो आणि वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो. तो संपत आला की तारीख-वेळ चुकते. आमच्या संगणकाचे घड्याळ बरोबर चालत होते. मल्टिमीटरनेही सेलचे विभवांतर ३.० व्होल्ट भरले. सेल न बदलताच यादीतून वगळला.

भिंतीतील वीज आणि एक्स्टेंशन बोर्ड : संगणक थेट दुसऱ्या खोलीतील प्लगला जोडला. दुसऱ्याच सकाळी अपयश. वगळले.

रॅम : दोन पट्ट्या होत्या. एक सकाळ फक्त पहिली लावली, अपयश. पुढची सकाळ फक्त दुसरी लावली, अपयश. दोन्ही पट्ट्या एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने बिघडल्या असतील हे संभवनीय वाटेना. वगळली.

मग लक्षात आले, की ‘सकाळ’ या एका शब्दात आम्ही दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. संगणक रात्रभर बंद असतो ही एक आणि खोली गार असते ही दुसरी. यांतली खरी कोणती? दोन रविवारी सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत संगणक बंद ठेवला, भिंतीवरच्या बटणासकट. चारला खोलीचे तापमान २६ अंश होते, पहाटे ते १७ अंश असे. दोन्ही रविवारी तो पहिल्या दाबाला सुरू झाला. असे योगायोगाने घडण्याची संभाव्यता १/९. हा काही पक्का पुरावा नव्हे, पण बोट थंडीकडे वळले.

राहिले मदरबोर्ड आणि एसएमपीएस. एका स्नेह्याकडून तेवढ्याच क्षमतेचे चांगले एसएमपीएस चार दिवसांसाठी मागितले, ते आठवडाभर ठेवून घेतले. लागोपाठ पाच सकाळी संगणक पहिल्या दाबाला सुरू झाला. योगायोगाने असे होण्याची संभाव्यता १/२४३.

परत जुने जोडून पाहणे

घरातील सर्वांचे मत पडले, ‘‘झालं की आता, नवं घेऊन या.’’ आम्ही मात्र जुने एसएमपीएस परत जोडले. हा हट्ट वाटेल, पण त्याला कारण होते. एसएमपीएस बदलताना आम्ही मदरबोर्डवरचे दोन जोड आणि डिस्कचा एक जोड काढून पुन्हा घट्ट बसवले होते. त्यांतला एखादा ढिला असेल आणि तोच खरा दोष असेल तर? तसे असते तर जुने एसएमपीएसही आता नीट चालले असते. शिवाय त्या आठवड्यात थंडी कमी झाली असती तर श्रेय फुकट नव्या डबीला गेले असते.

पहिल्याच सकाळी पडदा काळा. निदान आता पक्के झाले. उपाय केल्यावर दोष जातो आणि उपाय काढून घेतल्यावर तो परत येतो, हे दोन्ही दिसले तरच कार्यकारणाचा संबंध जुळतो. नुसते ‘केले आणि गेले’ पुरेसे नसते.

नवे एसएमपीएस नव्या संगणकाच्या किमतीच्या छोट्याशा अंशात आले. मदरबोर्ड आजही तोच आहे.

थंडीचा आणि कपॅसिटरचा संबंध

जुनी डबी आम्ही प्रयोगशाळेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकार सहकाऱ्याकडून उघडून घेतली. आत बाहेर पडणाऱ्या तारांजवळचे दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले होते.

एसएमपीएस विजेचे बारीक तुकडे करून, सेकंदाला हजारो वेळा, ते पुढे पाठवते. हे धक्के सपाट करण्याचे काम कपॅसिटरचे. नळाला पाणी थांबून थांबून येत असले तरी मधल्या टाकीमुळे घरात धार सारखी राहते, तसेच हे. इथे वापरतात त्या इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि द्रवाने भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हा द्रव रबरी बुचातून थोडाथोडा उडून जातो. त्यामुळे टाकी लहान होते आणि टाकीची तोटीही चोंदते, म्हणजे कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो.

द्रव गार झाला की त्यातील आयनांची हालचाल मंदावते आणि हा रोध आणखी वाढतो. चांगल्या कपॅसिटरला त्याने फरक पडत नाही. पण आमचे कपॅसिटर हद्दीवर आलेले होते. २६ अंशांना ते कसेबसे काम निभावत, १७ अंशांना विभवांतर हेलकावे खाई. मग ‘वीज ठीक आहे’ हा संकेत मिळत नसे आणि प्रोसेसर थोपून राही. आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला संगणक सुरू का होई? दहावीच्या पुस्तकातील जूलचा नियम आठवा. रोधातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात कपॅसिटर थोडा गरम होत होता, आणि पुरेसा गरम झाला की रोध कमी होऊन काम चाले. ज्या रोधाने अडवले तोच शेवटी वाट मोकळी करून देत होता!

या कपॅसिटरच्या आयुष्याचा एक ढोबळ नियम आहे : तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना २००० × २ × २ × २ × २, म्हणजे ३२,००० तास टिकेल. रोज आठ तास धरले तर सुमारे अकरा वर्षे. पण पंख्यात धूळ साचून तापमान ८५ अंशांवर गेले तर ८००० तास, म्हणजे तीन वर्षांहूनही कमी. संगणकाच्या पाठीमागची धूळ झटकणे हे किती मोलाचे काम आहे ते यावरून कळावे.

साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर सदोष द्रवाचे कपॅसिटर बाजारात आले होते, आणि ते बसवलेले असंख्य मदरबोर्ड दोन-तीन वर्षांतच बंद पडले. आता मदरबोर्डवर बहुधा घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. एसएमपीएसमध्ये मात्र द्रवाचे कपॅसिटर अजूनही सर्रास आढळतात.

एक कडक सूचना. एसएमपीएसची डबी घरी किंवा शाळेत कधीही उघडू नये. २३० व्होल्टचे शिखरमूल्य २३० × √२ म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. एवढ्या विभवांतराला भरलेला कपॅसिटर आत असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ भरलेला राहू शकतो. तो ३३० मायक्रोफॅरडचा असेल तर ½CV² या सूत्राने त्यात १७ जूलहून अधिक ऊर्जा साठते. तिचा झटका जिवावर बेतू शकतो. डबी बदलावी, उघडू नये. संगणकाच्या पेटीत हात घालण्यापूर्वीही प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे.

इतर संगणक, इतर दोष

प्रत्येक संगणकात हाच दोष असेल असे नाही. पण प्रत्येक दोष काहीतरी खूण ठेवतो. गार असताना सुरू होतो आणि तापल्यावर बंद पडतो? प्रोसेसरचा पंखा आणि धूळ पाहा. हलवला, टेबलाला धक्का लागला की बिघडतो? ढिला जोड शोधा. पावसाळ्यातच त्रास देतो? जोडांवर चढलेला गंज आणि ओल पाहा. इथे खोडरबर खरोखर उपयोगी पडेल. खूण ओळखायची तर नोंदी हव्यात, कारण आपल्या आठवणीत लक्ष वेधणारे प्रसंगच उरतात, बाकीचे निसटतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला एक फासा द्या. १ किंवा २ पडले तर ‘संगणक सुरू झाला नाही’, बाकी काही पडले तर ‘सुरू झाला’. पहिल्या फेरीनंतर ज्यांचा संगणक सुरू झाला नाही त्यांना एखादा गमतीचा उपाय करायला सांगा, फाशावर फुंकर घालणे किंवा तो डाव्या हातात घेणे. बाकीच्यांनी काहीच करायचे नाही. मग सर्वांनी फासा तीन वेळा टाकायचा. तिन्ही वेळा यश मिळालेली मुले मोजा.

चाळीसचे ८/२७ म्हणजे सुमारे बारा मुलांचा संगणक ‘दुरुस्त’ झालेला दिसेल. फुंकर घातलेल्यांना विचारा, उपाय लागू पडला का? मग काहीच न केलेल्यांमध्ये तेवढ्याच प्रमाणात यश आले आहे हे फळ्यावर मांडून दाखवा. अंगाऱ्याने उतरलेला ताप, ताईत बांधल्यावर थांबलेली डोकेदुखी, तीन ठोसे मारल्यावर चालू झालेला रेडिओ, या सर्वांविषयी बोलायला यानंतर वेगळी प्रस्तावना लागणार नाही. आपोआप जाणारी-येणारी दुखणी कोणत्याही वैद्याला यश मिळवून देतात.

अनेक शाळांच्या संगणक कक्षांत ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लावलेले एक-दोन संगणक कोपऱ्यात झाकून ठेवलेले असतात. त्यांतला एखादा कधीकधी चालणारा असेल, तर तो टाकून देण्याआधी त्याच्याशेजारी एक वही ठेवा आणि नववी-दहावीच्या चार मुलांवर पंधरा दिवसांच्या नोंदींचे काम सोपवा. पेटी उघडायची वेळ आली तर ती शिक्षकांनी, प्लग काढून उघडावी. संगणक वाचेल की नाही हे आधी सांगता येणार नाही. पण आपले पहिले मत पुराव्यापुढे टिकते की नाही हे तपासून पाहण्याची सवय त्या चौघांना नक्की लागेल. आम्हाला ती प्रयोगशाळेत लागली होती, घरी आणायला मात्र एक हिवाळा लागला.